कार्ड मिळाल्यानंतरचे डायव्हिंग : महाराष्ट्राच्या पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : सिंधुदुर्गातील स्कूबा डायव्हिंगमध्ये सरावाला आणि जाणत्यांच्या देखरेखीखालील शिक्षणाला जागा देण्याबाबत.

महोदय,

स्कूबा डायव्हिंग म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधली दाबाखालची हवा रेग्युलेटरमधून तोंडाने घेत पाण्याखाली वावरणे. हे शिकण्याचे तीन स्तर पडतात. पहिला नुसत्या अनुभवाचा. पोहता न येणारा पर्यटकही यात प्रशिक्षकाच्या आधाराने काही मिनिटे पाण्याखाली जाऊन येतो. दुसरा प्रमाणपत्राचा. तीन-चार दिवसांचा अभ्यासक्रम पुरा केला की शिकणाऱ्याला कार्ड मिळते आणि जोडीदारासोबत ठरावीक खोलीपर्यंत जाण्याची मुभा मिळते. तिसरा स्तर कार्ड हातात पडल्यावर सुरू होतो. त्याला ठरलेला अभ्यासक्रम नाही. तिथे सराव असतो आणि आपल्यापेक्षा जाणता माणूस असतो. मालवण-तारकर्लीत पहिल्या स्तराची बाजारपेठ उभी राहिली, दुसऱ्यासाठी संस्था उभी राहिली. तिसऱ्यासाठी अजून फारसे काही उभे राहिलेले नाही आणि हे पत्र त्याविषयीच आहे.

मालवणच्या पाण्याला डायव्हिंगच्या दृष्टीने वेगळे महत्त्व आहे. 1664 ते 1667 या काळात शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधला. त्याच्या आसपासच्या खडकांवर आज प्रवाळ आहे, शैवाल आहे आणि त्यांच्या आधाराने राहणारे मासे आहेत. 1987 साली इथे सुमारे 29 चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने मच्छीमार कुटुंबांतली मुले आधी स्नॉर्केलिंग आणि मग स्कूबा शिकली. पुढे पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीत स्कूबा डायव्हिंग आणि जलक्रीडांची स्वतंत्र संस्था काढली. तिला सगळे ‘इसदा’ म्हणून ओळखतात. प्रशिक्षणासाठी मुद्दाम बांधलेला खोल तलाव तिथे आहे. एखाद्या राज्याने स्वतःच्या मालकीची अशी संस्था उभी करणे ही देशात दुर्मीळ गोष्ट आहे, आणि तिचे श्रेय राज्याला द्यायलाच हवे.

पर्यटक ज्याला ‘स्कूबा केले’ असे म्हणतो ती बहुतेक वेळा अनुभवाची डुबकी असते. होडी किल्ल्याजवळच्या खडकांपाशी थांबते. पर्यटकाला पाच-दहा मिनिटे सूचना मिळतात, मास्क चढवला जातो, रेग्युलेटर तोंडात दिला जातो. खाली गाईड त्याच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह धरून त्याला नेतो, फिरवतो, कॅमेऱ्यासमोर आणतो आणि वर आणून सोडतो. ‘पाडी’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत अशा डुबकीला 12 मीटरची मर्यादा आहे. या प्रकारात गैर काही नाही. अनेकांना समुद्राची ओढ याच दहा मिनिटांत लागते. यात पर्यटकाचे कौशल्य मात्र शून्य असते. तरंगण्याचा तोल, हवेचा हिशेब, कानांवरचा दाब, खडकापासूनचे अंतर हे सगळे एकट्या गाईडच्या अंगावर असते. त्यामुळे मालवणच्या डायव्हिंगची सुरक्षितता आणि तिथल्या प्रवाळाचे आयुष्य, दोन्ही त्या गाईडच्या हातात किती कसब आहे यावर ठरते. ते कसब कसे तयार होते, याचा विचार म्हणून आधी करायला हवा.

डायव्हिंगमधले सर्वांत अवघड आणि सर्वांत उशिरा येणारे कसब म्हणजे पाण्यात न बुडता, न तरंगता अधांतरी राहणे. कारण हवा दाबली जाते आणि पाणी दाबले जात नाही. समुद्रसपाटीवर हवेचा दाब 1 बार असतो. पाण्यात दर 10 मीटरला त्यात साधारण 1 बारची भर पडते. म्हणजे 10 मीटरवर 2 बार, 20 मीटरवर 3, 30 मीटरवर 4. डायव्हरच्या हवा भरता-सोडता येणाऱ्या जॅकेटमध्ये 30 मीटरवर 4 लिटर हवा असेल आणि तो 25 मीटरवर आला, तर ती सुमारे 4.6 लिटर होते. तेवढीच 4 लिटर हवा 10 मीटरवर असेल आणि डायव्हर 5 मीटरवर आला, तर ती 5.3 लिटर होते. वर येण्याचे अंतर दोन्हीकडे सारखेच, 5 मीटर. फुगणे मात्र उथळ पाण्यात दुपटीहून जास्त.

मालवणच्या बाबतीत हा मुद्दा कळीचा आहे. किल्ल्याजवळच्या जागा उथळ आहेत, म्हणून त्या सोप्या आहेत, असा समज पर्यटकांत आहे आणि काही प्रमाणात व्यवसायातही आहे. तोल सांभाळण्याच्या दृष्टीने परिस्थिती उलट आहे. उथळ पाण्यात जरा वर गेले की जॅकेट फुगते, त्याने माणूस आणखी वर जातो, मग जॅकेट आणखी फुगते. त्यात लाटेची उचल-आपट असते आणि गढूळपणा असतो. दृश्यता अनेकदा थोड्याच मीटरांची असते, त्यामुळे वर-खाली सरकल्याचे डोळ्यांना लवकर कळत नाही. अशा पाण्यात स्वतःचा तोल सांभाळत दुसऱ्या माणसाचाही सांभाळणे हे वरच्या दर्जाचे काम आहे. जो गाईड हे रोज करतो त्याला नुसता ‘पाण्यात नेणारा पोरगा’ समजणे अन्यायाचे आहे.

तोल शिकायची सुरुवात जॅकेटपासून होत नाही, कमरेला बांधलेल्या शिशाच्या वजनापासून होते. नवशिक्या माणसाला खाली जाणे जमत नाही, म्हणून त्याला जास्त वजन दिले जाते. जास्त वजन उचलून धरायला जॅकेटमध्ये जास्त हवा भरावी लागते. जास्त हवा म्हणजे प्रत्येक मीटरमागे जास्त फुगणे आणि जास्त आकसणे. वजनाचा योग्य अंदाज डुबकीच्या शेवटी घ्यायचा असतो, कारण हवेलाही वजन असते. 12 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बारने भरलेली हवा पृष्ठभागावर 2400 लिटर होते आणि तिचे वजन जवळजवळ 3 किलो भरते. त्यातली बहुतेक हवा संपली की डायव्हर 2 किलोंहून जास्त हलका झालेला असतो. म्हणून सिलिंडरमध्ये 50 बार उरलेले असताना, 5 मीटरवर, जॅकेट जवळपास रिकामे ठेवून स्थिर राहता आले तर वजन बरोबर आहे असे समजतात. ही चाचणी प्रत्येक नव्या सूटसोबत आणि प्रत्येक नव्या सिलिंडरसोबत पुन्हा करावी लागते, आणि गोड्या पाण्याच्या तलावातून खाऱ्या पाण्यात आल्यावरही. खारे पाणी जास्त जड असल्यामुळे ते माणसाला जास्त उचलते. तलावात अचूक ठरलेले वजन समुद्रात कमी पडते ते याच कारणाने.

वजन जमले की पुढचे काम श्वासाचे. फुप्फुसे हेच डायव्हरचे सर्वांत सूक्ष्म नियंत्रण. जरा खोल श्वास घेतला की माणूस हलके वर उचलला जातो, सोडला की खाली बसतो. हा परिणाम लगेच होत नाही, दोनेक सेकंद उशिरा होतो. नवशिक्याची सगळी गडबड या दोन सेकंदांत होते. आपण खाली चाललो असे वाटून तो जॅकेटचे बटण दाबतो, तेवढ्यात श्वासाचाही परिणाम सुरू होतो आणि तो वर उसळतो. मग हवा सोडतो आणि तळावर आपटतो. वाट पाहायला शिकणे हा यावरचा एकमेव उपाय. तो वाचून येत नाही. तलावाच्या तळाशी पायांतल्या फिन्सची टोके टेकवून पालथे पडायचे, फक्त श्वासावर छाती उचलायची आणि पुन्हा बसू द्यायची. हा सराव शेकडो वेळा करावा लागतो. मग कधी तरी शरीर हे स्वतःहून करू लागते.

श्वास रोखून मात्र धरायचा नसतो. डायव्हिंगचा हा पहिला नियम आहे. फुप्फुसे भरून श्वास रोखला आणि माणूस 10 मीटरवरून वर आला, तर आतली हवा दुप्पट व्हायला पाहते. एक-सव्वा मीटर वर येण्यानेही फुप्फुसाला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्राला माहीत आहेत. म्हणजे पोहण्याच्या तलावातही ती होऊ शकते. वर येण्याचा वेग मिनिटाला 9 मीटरच्या आत ठेवणे आणि 5 मीटरवर तीन मिनिटे थांबणे ही आजची सर्वमान्य पद्धत आहे. शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनला सावकाश बाहेर पडायला त्यामुळे वेळ मिळतो. थांबायचे कसे, हा प्रश्न पुन्हा तोलापाशीच येतो. ज्याला 5 मीटरवर दोर न धरता स्थिर राहता येत नाही, त्याला नियम तोंडपाठ असूनही पाळता येत नाही.

तोलाचाच दुसरा भाग म्हणजे अंगाची ठेवण. उभ्या अंगाने पोहणाऱ्याचे फिन्स खाली राहतात, प्रत्येक लाथेसरशी तळाची वाळू आणि गाळ उडतो, मागून येणाऱ्याला काही दिसत नाही आणि प्रवाळावर त्याचा थर बसतो. अंग आडवे, गुडघे वाकवलेले, फिन्स वर, आणि पाय बेडकासारखे बाजूला मारायचे, ज्याला डायव्हर फ्रॉग किक म्हणतात. गाळाच्या पाण्यात ही पद्धत जवळपास सक्तीची मानायला हवी. अभयारण्याच्या दृष्टीने तर हा सगळ्या विषयाचा गाभा आहे. प्रवाळाची वाढ वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर एवढीच असते, आणि एका फिनच्या फटक्याने मोडलेली फांदी पुन्हा यायला अनेक वर्षे लागतात.

यावर बाहेर झालेले संशोधन बोलके आहे. इजिप्तमधील रास मोहम्मद राष्ट्रीय उद्यानातला एक अभ्यास 1997 साली प्रसिद्ध झाला. होडीवर चित्रांसह समजावून सांगून, नंतर पाण्यात प्रत्यक्ष दाखवल्यावर डायव्हरांचे प्रवाळाला धक्के लागणे बरेच कमी झाले, असे त्यात दिसले. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुसिया बेटावरच्या, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसत्या छोट्या तोंडी सूचनेने काहीच फरक पडला नाही. गाईडने पाण्यात लक्ष ठेवले आणि धक्का लागताना दिसला की तिथल्या तिथे हटकले, तेव्हा मात्र धक्के ठळकपणे घटले. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर होडीवर लावलेल्या ‘प्रवाळाला हात लावू नका’ या पाटीची किंमत कळते. प्रवाळ वाचतो तो पाण्यात शेजारी असलेल्या, स्वतः स्थिर असलेल्या आणि दुसऱ्याला सावरू शकणाऱ्या माणसामुळे.

इतर मूलभूत कौशल्ये लवकर येतात, पण न वापरल्यास लवकर जातातही. मास्कमध्ये शिरलेले पाणी नाकाने हवा सोडून काढणे, तोंडातून निसटलेला रेग्युलेटर हाताच्या वळशाने शोधून परत घेणे, जोडीदाराला आपल्या पर्यायी रेग्युलेटरमधून हवा देणे, कान दुखण्याआधीच नाक चिमटीत धरून दाब मोकळा करणे, ही त्यातली मुख्य. मास्कचे प्रकरण वरवर क्षुल्लक दिसते. पण नाकाला पाणी लागताच श्वास अडखळणे हा शरीराचा उपजत प्रतिसाद आहे आणि घबराटीची सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते. प्राथमिक अभ्यासक्रमात एक मिनिट मास्कशिवाय श्वास घेण्याचा धडा असतो तो यासाठीच. ज्याने तो धडा एकदाच गिरवला आणि ज्याने तो दर महिन्याला गिरवला, त्या दोघांतला फरक तळाशी चुकून दुसऱ्याचा फिन तोंडावर बसला की दिसतो.

हवेचा हिशेब हे प्रगती मोजण्याचे सर्वांत प्रामाणिक माप आहे, कारण ते स्वतःच्याच नोंदवहीतून निघते. समजा, 12 लिटरच्या सिलिंडरमधले 100 बार 30 मिनिटांत संपले आणि सरासरी खोली 10 मीटर होती. खर्च झाली 1200 लिटर हवा, म्हणजे मिनिटाला 40 लिटर. तिथला दाब 2 बार असल्यामुळे पृष्ठभागावरचा दर झाला मिनिटाला 20 लिटर. हाच दर 15 लिटरवर आला, तर तेवढीच हवा 40 मिनिटे पुरते. हा दर श्वास चोरून कमी करायचा नसतो. श्वास चोरल्याने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, डोके दुखते आणि धाप वाढते. हातांची फडफड थांबली, वजन नेमके झाले, अंग आडवे राहू लागले की दर आपोआप उतरतो. नोंदवहीत तारीख, खोली, वेळ, सुरुवातीचा आणि शेवटचा दाब, वजन, पाण्याची स्थिती आणि काय चुकले हे लिहिलेले असेल, तर महिन्याभराने ती वही शिक्षकासारखी बोलते. बहुतेक डायव्हर पहिल्या काही पानांनंतर ती लिहिणे सोडून देतात. ही सवय मोडते तिथे शिकणेही बहुधा थांबते.

एवढे सगळे पुस्तकात आहे, मग जाणता माणूस कशाला? कारण पाण्याखाली बोलता येत नाही, आणि डायव्हरला स्वतःचे अंग दिसत नाही. आपण आडवे आहोत असे बहुतेक नवशिक्यांना वाटते. प्रत्यक्षात ते तिरपे असतात. हे सांगायला दुसऱ्याचे डोळे लागतात. पाण्याखालचे शिकवणे सगळे दाखवण्यातून चालते. म्हणून चांगला प्रशिक्षक मास्क साफ करून दाखवतो तेव्हा प्रत्येक हालचाल मुद्दाम सावकाश, सुटी सुटी आणि जरा ठसठशीत करतो. स्वतःला पटकन जमणारी गोष्ट सावकाश करून दाखवणे हे वेगळेच कसब आहे, आणि त्याचाही सराव करावा लागतो.

या विद्येचा इतिहासही माणसाकडून माणसाकडे गेलेल्या गोष्टींचा आहे. 1936 साली तूलोंजवळ फिलिप तायिए यांनी जाक कूस्तो या आपल्या नौदलातील सहकाऱ्याला पाण्याखाली पाहण्याचा चष्मा दिला आणि आपल्या छंदात ओढले. भाल्याने मासे मारण्यात निष्णात असलेले फ्रेदेरिक द्युमा त्यांना येऊन मिळाले. तिघे एकमेकांकडून शिकले, आणि 1943 साली कूस्तो आणि अभियंते एमिल गान्यां यांनी ॲक्वालंग हे पाण्याखाली श्वास घेण्याचे उपकरण तयार केले, तेव्हा ते समुद्रात वापरून पाहायला हे तयार त्रिकूट होतेच. अमेरिकेत 1950 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेत कॉनरॅड लिंबॉ यांनी शास्त्रज्ञांसाठी प्रशिक्षणाची घडी बसवली. लॉस एंजेलिस परगण्याने तीच घडी सर्वसामान्यांच्या वर्गांसाठी उचलली. ब्रिटनमध्ये 1953 साली स्थापन झालेला ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब तर आजही शाखांमधून चालतो, आणि तिथे शिकवणारे बहुतेक जण पैसे न घेता शिकवणारे अनुभवी सभासद असतात. महाराष्ट्राला जवळून अभ्यासण्यासारखी ही रीत आहे.

जाणत्याचे काम नेमके काय, हे विहिरीत पोहायला शिकलेल्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. पाठीला डबा किंवा सुका भोपळा बांधून पोराला पाण्यात सोडणारा चुलता-मामा काठावर बसलेला असतो, वेळ आली की तो डबा काढून घेतो आणि तरीही नजर काढत नाही. डायव्हिंगमध्ये हे टप्पे असे पडतात. आधी प्रशिक्षक व्हॉल्व्ह धरतो. मग हात सोडून हातभर अंतरावर राहतो. मग मागे, जरा वर राहतो, जिथून शिकणाऱ्याचे बुडबुडे आणि पाय दोन्ही दिसतात. मग शिकणाऱ्याला पुढे जाऊ देतो, वाट ठरवू देतो, जोडीदाराची हवा विचारू देतो. शेवटी होडीवर बसून एकच गोष्ट सांगतो. एकच, कारण पाच चुका सांगितल्या तर एकही सुधारत नाही. शिकणाऱ्याच्या जॅकेटचे बटण आपणच दाबायचा मोह चांगला प्रशिक्षक आवरतो. दर वेळी दुसऱ्याने तोल सावरला, तर शरीराला चूक कळतच नाही.

जाणता म्हणवून घेणारा प्रत्येक माणूस गुरू होत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. खूप डुबक्या मारलेला माणूस तीच एक चूक वर्षानुवर्षे करत आलेला असू शकतो. नवख्याला खोल नेण्यात मोठेपणा मानणारे, हवा संपत आली असताना ‘अजून दोन मिनिटे’ म्हणणारे, कान दुखत असल्याची खूण दिसूनही खाली खेचणारे असे अनुभवी लोक सगळ्या समुद्रांवर आहेत. त्यांची नक्कल करून शिकलेला तरुण कायमचा बिघडतो. खरा जाणता ओळखण्याची खूण साधी आहे. तो डुबकी रद्द करू शकतो. होडीवर पैसे दिलेले गिऱ्हाईक बसलेले असतानाही वारा, पाणी किंवा समोरच्याचे डोळे पाहून जो ‘आज नको’ म्हणतो, त्याच्या हाताखाली शिकावे.

औपचारिक शिडीत याची थोडी दखल आहे. ‘पाडी’च्या व्यवस्थेत प्राथमिक कार्ड 18 मीटरपर्यंतचे, पुढचे प्रगत कार्ड 30 मीटरपर्यंतचे. त्यापुढे बचावाचे प्रशिक्षण, आणि मग डायव्ह मास्टर. डायव्ह मास्टरचे शिक्षण सुरू करायला 40 नोंदवलेल्या डुबक्या लागतात, पुरे करायला 60. प्रशिक्षकाच्या परीक्षेला बसायला 100. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनेही देखरेखीखालचा डायव्हर, स्वतंत्र डायव्हर आणि गटप्रमुख असे स्तर मानकांमध्ये बांधले आहेत. हे किमान आकडे आहेत. दहा-दहा मिनिटांच्या, एकाच खडकावरच्या, दुसऱ्याला धरून मारलेल्या शंभर फेऱ्यांनी आकडा भरतो, पण त्यात गाईडने स्वतःसाठी एकही धडा गिरवलेला नसतो. मालवणच्या मुलांची अडचण हीच आहे. हंगामात ती दिवसभर पाण्यात असतात, तरी सरावाला त्यांना वेळ मिळत नाही.

राज्याचे पुढचे बेत पाहिले तर हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. आयएनएस गुलदार या निवृत्त युद्धनौकेचे निवतीच्या समुद्रात पाण्याखालचे संग्रहालय करण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतला आहे. 80 मीटरांहून लांब लोखंडी जहाज म्हणजे धारदार कडा, बंद खोल्या, दोरांत आणि तारांत अडकण्याचा धोका आणि जरा लाथ चुकली की उठणारा गाळ. विजयदुर्गपासून 100 किलोमीटरहून आत समुद्रात असलेल्या आंग्रिया बँकेच्या प्रवाळाचेही आकर्षण वाढत आहे. तिथे किनारा दिसत नाही आणि मदत लवकर येत नाही. अशा जागी व्हॉल्व्ह धरून पर्यटक नेता येणार नाहीत. तिथे स्वतः सांभाळून घेणारे डायव्हर लागतील, आणि त्यांच्यापुढे राहणारे स्थानिक गटप्रमुख लागतील. ते आता तयार व्हायला लागले तर काही वर्षांनी मिळतील.

म्हणून पर्यटन खात्याकडे काही ठोस मागण्या आहेत. पहिली पावसाळ्याची. जूनपासून समुद्र बंद होतो आणि गाईड मोकळे होतात. त्याच काळात ‘इसदा’चा तलाव स्थानिक गाईडांना सरावासाठी, नाममात्र शुल्कात, ठरलेल्या वेळी खुला असावा, आणि तलावाच्या काठावर एक प्रशिक्षक पगारी नेमलेला असावा. वजनाची चाचणी, मास्कशिवाय श्वास, हवा वाटून घेणे, बेशुद्ध डायव्हरला वर आणणे, हे सगळे स्वच्छ, स्थिर पाण्यात घोटवून घेता येते. नारळी पौर्णिमेनंतर, पर्यटक येण्याआधी, समुद्रातले पहिले काही दिवस फक्त आपसातल्या सरावासाठी राखावेत.

दुसरी मागणी जोड्यांची. प्रत्येक शिकाऊ गाईडच्या नावापुढे एका अनुभवी डायव्ह मास्टरचे किंवा प्रशिक्षकाचे नाव नोंदलेले असावे, आणि त्या ज्येष्ठाला या कामाचा मोबदला मिळावा. शिकवणाऱ्याचा वेळ फुकट मिळेल असे गृहीत धरलेल्या योजना टिकत नाहीत, कारण हंगामातला प्रत्येक तास त्याच्यासाठी कमाईचा असतो. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाने व्यावसायिकांच्या नोंदणीची चौकट दिली आहे. त्याच चौकटीत, नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी, गाईडांच्या नोंदवह्या पाहिल्या जाव्यात आणि त्यांत स्वतःच्या सरावाच्या डुबक्या वेगळ्या दाखवायला सांगाव्यात. सिलिंडर आणि कॉम्प्रेसर तपासणारा निरीक्षक पाण्यात उतरून गाईडचा तोलही पाहू शकेल असा असावा.

तिसरी मागणी पैशांची आहे आणि ती थोडक्यात सांगता येते. डायव्ह मास्टर आणि प्रशिक्षक होण्याचा खर्च मच्छीमार घरातल्या मुलाला किंवा मुलीला स्वतःच्या बळावर झेपत नाही. मुलींना तर या धंद्यात बोटावर मोजण्याइतक्याच जागा मिळाल्या आहेत. दर वर्षी काही शिष्यवृत्त्या द्याव्यात, आणि त्या बदल्यात दोन हंगाम जिल्ह्यातच शिकवण्याची अट घालावी.

चौथी मागणी भाषेची. डायव्हिंगचे साहित्य बहुतांशी इंग्रजीत आहे. खोलीचे गणित, नायट्रोजनचे तक्ते, श्वास आणि दाब यांचे नाते, घबराटीची लक्षणे हे सगळे रोज मालवणीत बोलणाऱ्या मुलाने परक्या भाषेत पाठ करायचे आणि मग पाण्यात लक्षात ठेवायचे, ही अपेक्षा चुकीची आहे. ‘इसदा’ने स्थानिक गाईडांना सोबत घेऊन एक मराठी हस्तपुस्तिका तयार करावी. त्यात मालवणच्या प्रत्येक खडकाची खोली, भरती-ओहोटीला तिथे पाणी कुठे ओढते, गढूळपणा कधी वाढतो, कोणत्या बाजूला प्रवाळ जास्त आहे आणि होडीने नांगर कुठे टाकू नये याचे नकाशे असावेत. हे ज्ञान आज दांडी, देवबाग आणि तारकर्लीतल्या जुन्या मच्छीमारांच्या डोक्यात आहे. पुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीसाठी त्यांनाच मानधन देऊन बसवावे, आणि दर पावसाळ्यात, तलावातल्या सरावाच्या महिन्यांत, नव्या नोंदींनुसार ती दुरुस्त करावी.